एकीचं कुलूप

चावीवालीला सगळे 'एकी' म्हणतात. बाजाराकडून शाळेकडे जाणाऱ्या रस्त्यावर तिचं दुकान आहे. दुकान कसलं, दोन भिंतींमधली फट आहे; तीत एक माणूस बसतो आणि चारशे चाव्या लटकतात. नव्यानं राहायला आलेल्यांना वाटतं, आईबापांची एकुलती एक असेल, म्हणून एकी. ती कुणाची चूक दुरुस्त करत बसत नाही. कुलपं दुरुस्त करते, तेवढं पुरे आहे. पण तिला चांगले दोन धडधाकट भाऊ आहेत, आणि हे नाव तिला घरच्यांनी ठेवलेलं नाही. हे नाव तिला शाळेनं दिलं.

ती तेव्हा तिसरीत होती. बाई नव्या होत्या, तरुण होत्या आणि शिस्तीचं वेड डोक्यात घेऊन आल्या होत्या. त्या शाळेत लघवीला जायचं असलं की पोरं करंगळी वर करायची. बाईंना ते आवडलं नाही. त्यांनी फर्मान काढलं की बोटं नाचवायची नाहीत. उठून उभं राहायचं, बाईंचं लक्ष जाईपर्यंत थांबायचं आणि मग स्पष्ट आवाजात म्हणायचं, 'बाई, एकी.' पोरांनी तेही निमूटपणे शिकून घेतलं. पोरांचं काय, सांगाल ते शिकतात बिचारी.

त्या दिवशी धडा होता म्हाताऱ्या बापाचा आणि काटक्यांच्या मोळीचा. सुटी काटकी मोडते, मोळी मोडत नाही, तेव्हा मुलांनो भांडू नका, असा तो धडा. आपली ही अर्धा धडा दोन्ही पाय एकमेकांत अडकवून बसली होती. शेवटी राहवेना तेव्हा उभी राहिली. बाईंनी पुस्तक मिटलं आणि समोर नजर टाकली.

"तर या गोष्टीतून आपण काय शिकलो? हं, तू उभी आहेस, तू सांग."

"बाई, एकी."

"शाब्बास. बस खाली."

सगळा वर्ग खो-खो हसला. बाईंना कळेना, पोरं का हसतात. ही बसली नाही. पुन्हा म्हणाली, बाई, एकी. बाई म्हणाल्या, कळलं, एकदा सांगितलंस ना. तिनं तिसऱ्यांदा म्हटलं आणि वर्ग बाकं बडवायला लागला. तेव्हा बाईंच्या डोक्यात प्रकाश पडला. पण त्यांना वाटलं, ही कार्टी मुद्दाम माझी टिंगल करतेय. म्हणाल्या, आगाऊ कुठली, आता तास संपेपर्यंत तशीच उभी राहा. ती उभी राहिली. किती वेळ राहणार? आठ वर्षांच्या जिवाला किती वेळ धरून ठेवता येतं, ते ज्याचं त्याला माहीत.

फरशीवर ओघळ आला तेव्हा बाईंनी फळा पुसायचं फडकं तिच्या अंगावर टाकलं. म्हणाल्या, ज्यानं केलं त्यानं पुसायचं. तिनं गुडघ्यावर बसून पुसलं. चाळीस पोरं बघत होती. फडक्यातला खडू ओला होऊन फरशीवर पांढरे पट्टे उठले, म्हणून तिला दुसऱ्यांदा पुसायला लावलं.

इथवर झालं असतं तर एखाद्या वेळी विसरलीही असती. पण बाईंनी विसरू दिलं नाही. त्या दर वर्षी मोळीचा धडा आला की वर्गाला ही गंमत सांगायच्या. मी विचारलं काय, आणि ती म्हणाली काय. सांगायची पद्धत अशी झकास, की पोरं हसून लोळायची. एका वर्गातून दुसऱ्या वर्गात, शाळेतून गल्लीत, गल्लीतून घरात ते नाव आलं. भाऊसुद्धा एकी म्हणायला लागले. सहावीत तिनं दप्तर कोपऱ्यात फेकलं ते फेकलंच.

मामाचं चावीचं दुकान होतं, ती तिथं जाऊन बसायला लागली. मामा कमी बोलायचा, पण हातात कला होती. कोरी चावी पकडीत धरायची, कानस किती फिरवायची, कुठं हात थांबवायचा, हे त्यानं तिला दाखवलं. कुणाचं दार अडकलं, कुणाचं मूल आत कोंडलं गेलं की मामा हिला पुढं पाठवायचा. बंद दार दिसलं की तिचा जीव वरखाली व्हायचा, म्हणून ती मामापेक्षा लवकर उघडायची. मामानं तिला धंद्याचा एकच नियम सांगितला होता. गिऱ्हाईकाला एक वेळ शिवी दे पोरी, पण खोटी चावी देऊ नकोस. मामा गेला, दुकान हिचं झालं, आणि इतक्या वर्षांत तिनं तो नियम कधी मोडला नव्हता.

लग्न झालं. नवरा बेकरीत भट्टीवर काम करतो, गरीब स्वभावाचा आहे. एक मुलगी झाली. चालायला लागल्यापासून ती जागच्या जागी गरगर फिरायची, म्हणून तिचं नाव पडलं भिंगरी. भिंगरीला दुसऱ्या शाळेत घालायचं एकीच्या मनात होतं, पण ती शाळा लांब, मध्ये दोन मोठे रस्ते, पोरांना ओलांडायला धड जागा नाही. मोटारी काय, पोरं बघून थांबतात थोड्याच. शेवटी मन घट्ट केलं आणि त्याच शाळेत नाव घातलं. त्या बाई आता मुख्याध्यापिका झाल्या होत्या. सगळे त्यांना मोठ्या बाई म्हणत.

मोठ्या बाईंनी शाळेला शिस्त लावली होती. मुलींचे चार संडास आणि टोकाला शिक्षिकांचा एक, असे पाचही एका बोळात होते. त्या बोळाच्या तोंडाला बाईंनी लोखंडी जाळीचं दार बसवून घेतलं आणि त्याला कुलूप घातलं. किल्ली त्यांच्या टेबलाच्या खणात. मधल्या सुट्टीत दहा मिनिटं दार उघडायचं. मुली एकशेचाळीस, संडास चार. हिशोब तुम्हीच करा. मुलगे भिंतीमागं जाऊन मोकळे व्हायचे. कारण विचारलं तर मोठ्या बाई म्हणायच्या, मुली घाण करतात आणि तास बुडवतात.

भिंगरी तिसरीत गेली आणि एक दिवस घरी आली ती हसत. वर्गबाई रजेवर होत्या, म्हणून मोठ्या बाई स्वतः तासाला आल्या होत्या. त्यांनी एक गंमत सांगितली. भिंगरीनं ती आईला करून दाखवली, आधी बाईंचा आवाज काढून, मग त्या मुलीचा. अर्ध्यावर आली आणि थांबली. आईचं तोंड बघून थांबली असेल, किंवा ते नाव तोंडातून निघताना तिच्या कानावर पडलं असेल.

"आई, ती मुलगी तू होतीस?"

एकी हो म्हणाली. खोटं कशाला बोलायचं.

"मीपण हसले," भिंगरी म्हणाली, आणि तिचा चेहरा एवढासा झाला.

त्या दिवसापासून भिंगरीची पाण्याची बाटली जशी जाई तशी परत यायला लागली. एकीच्या हे लक्षात यायला तीन आठवडे लागले, आणि ती त्याबद्दल अजून स्वतःला चार शिव्या घालते. पोरगी सकाळी उठल्यापासून शाळा सुटेपर्यंत घोटभर पाणी पीत नव्हती. पाणी प्यायलं की लागते, लागली की उभं राहावं लागतं, उभं राहिलं की सगळे हसतात. मग ताप आला, ओटीपोटात कळा यायला लागल्या, लघवी करताना पोर ओरडायची. डॉक्टरीण म्हणाली, हे धरून ठेवण्याचं दुखणं आहे. औषधानं या वेळी जाईल, पण असंच चाललं तर मूत्रपिंडावर जाईल. पोरीला पाणी प्यायला लावा आणि लागेल तेव्हा जाऊ द्या, माझ्याकडे याहून मोठं औषध नाही.

एकी तो कागद घेऊन शाळेत गेली. मोठ्या बाईंनी कागद वाचला, चष्मा काढला आणि समजावणीच्या सुरात म्हणाल्या की सगळा सवयीचा प्रश्न आहे, मुलींना सवय लावली की जमतं. आणि एका मुलीसाठी नियम मोडला तर उद्या सगळ्याच मागतील. शिवाय शाळेला 'बालस्नेही शाळा' ही पाटी मिळायची आहे, समिती यायची आहे, अशा वेळी पालकांनी सहकार्य करायला हवं. समोर कोण बसलीय, हे त्यांनी ओळखलं नाही. ती मुलगी त्यांच्या लेखी केव्हाच गोष्टीतली झाली होती. गोष्टीतल्या मुलीला कुठं पोर होतं आणि त्या पोराला ताप येतो.

एकीच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. बाहेर पडली तेव्हा तिला रस्ता दिसत नव्हता. रात्री नवरा म्हणाला, जाऊ दे, शाळेशी वैर घेऊन पोरीचंच नुकसान होईल. तीस वर्षं जाऊच दिलं की, ती म्हणाली, आणि भांडी आपटायला लागली.

मग आठ दिवसांनी शाळेचा शिपाई दुकानात आला. जाळीच्या दाराचं कुलूप गंजून गेलं होतं. समिती परवा यायची होती, आणि मोठ्या बाईंना नवं दणकट कुलूप हवं होतं. बोळ आज घासूनपुसून लख्ख करायचा आणि लगेच बंद करायचा, समिती येईपर्यंत आत चिटपाखरू जाता कामा नये, असा हुकूम होता. मुलींना दोन दिवस घरूनच जाऊन यायला सांगितलं होतं. बालस्नेही पाटीसाठी.

देव असो नसो, असा निरोप आला की माणसानं त्याला नमस्कार करावा. एकीनं सहा लिव्हरचं कुलूप काढलं, त्याची मूळ चावी कमरेला अडकवली, दोन कोऱ्या चाव्या पकडीत धरल्या आणि कानस चालवली. पाच खाचा जिथल्या तिथं पाडल्या. सहावी केसभर उथळ ठेवली. नुसत्या डोळ्याला दिसणार नाही, बोटाला लागणार नाही, फक्त कुलपाला कळेल. मामाची आठवण झाली तेव्हा हात थांबला होता. मामा, एवढ्या एका वेळी तोंड फिरव, असं ती मोठ्यानं म्हणाली आणि काम पुरं केलं.

दुपारी शाळेत जाऊन तिनं कुलूप लावलं. मोठ्या बाईंसमोर ते आपल्या कमरेच्या चावीनं दोनदा उघडून दाखवलं, खटकन लावलं, आणि त्या दोन चाव्या त्यांच्या हातात ठेवल्या. जे दार उघडायचंच नाही, त्याची चावी लावून कोण बघतंय? घरी येऊन तिनं कामाच्या पिशवीत तळाशी एक जुनं फडकं घडी करून ठेवलं. कशासाठी, ते तुम्ही ओळखलंच असेल. ज्यानं केलं त्यानं पुसायचं, हे वाक्य तिनं तीस वर्षं जपून ठेवलं होतं, आणि ते आता मालकिणीला परत करायचं होतं.

समितीच्या दिवशी तिनं सकाळपासून एकही काम घेतलं नाही. अकराच्या सुमाराला शिपाई धापा टाकत आला. चावी फिरत नाही, दुसरीही फिरत नाही, समिती बोळासमोर उभी आहे, चल लवकर. एकी म्हणाली, चहा तरी घेऊ दे. तिनं चहा घेतला, कप विसळला, पालथा घातला आणि मग निघाली.

बोळासमोर गर्दी होती. स्वागतासाठी मैदानात उभ्या केलेल्या मुली एका बाजूला, दोन पुरुष आणि एक वयस्क बाई अशी समिती दुसऱ्या बाजूला. मध्ये मोठ्या बाई उभ्या होत्या. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं, आणि पळायचं ते पाणी पळेना, अशी गत होती. साखरेचं दुखणं होतं त्यांना, दिवसातून दहादा जावं लागायचं. पण बोळ लख्ख राहायला हवा म्हणून काल त्या दर वेळी घरी जाऊन आल्या होत्या, आज समितीमुळे सकाळपासून तेही जमलं नव्हतं, आणि वर दोनदा चहा झाला होता. त्या या पायावरून त्या पायावर होत होत्या. ते उभं राहणं एकीला चांगलं ओळखीचं होतं.

ती फतकल मारून दारासमोर बसली. पिशवी उघडली, एकेक हत्यार काढून ओळीनं मांडलं. चावी हातात घेऊन उजेडात धरली, फुंकर मारली, पुन्हा धरली. समितीतल्या वयस्क बाईंनी विचारलं, मुलींच्या संडासाला बाहेरून कुलूप कशासाठी? मोठ्या बाई घाईघाईनं खाली वाकल्या आणि शिपायाच्या तोंडून ऐकलेलं चावीवालीचं नाव घेऊन तिच्या कानाशी कुजबुजल्या.

"एकी, लवकर."

"काय म्हणालात?"

"एकी, अगं..."

"नीट ऐकू आलं नाही, बाई. स्पष्ट आवाजात सांगा."

"एकी," मोठ्या बाई म्हणाल्या. आवाज जवळजवळ रडवेला झाला होता, आणि सगळ्यांना ऐकू गेला.

एकीनं मान वर करून त्यांच्याकडे बघितलं.

"शाब्बास," ती म्हणाली. "बसा खाली."

आधी मोठ्या बाईंना काहीच कळलं नाही. मग कळलं. एकीला ते त्यांच्या डोळ्यांत दिसलं, आतवर कुठंतरी एकेक लिव्हर उचलला जावा तसं. गोष्टीतली मुलगी समोर बसली होती, तिच्या हाताला तेलकट काळं लागलं होतं, आणि दाराची चावी तिच्या कमरेला होती.

आता एकीला काही घाई नव्हती. अजून दोन मिनिटं, फार तर तीन. पिशवीच्या तळाशी असलेलं फडकं तिला नुसतं बोटानं जाणवत होतं. पण मैदानातल्या मुलींकडे नजर गेली आणि तिला दिसलं, की पुढच्या रांगेतल्या पाचसहा जणी पाय आवळून उभ्या आहेत. दोन दिवस घरून जाऊन यायचा हुकूम होता ना. बाईंना कोंडायचं तर या पोरींनाही कोंडावं लागत होतं. तिनं दात-ओठ खाल्ले, कमरेची चावी काढली आणि कुलूप उघडलं.

"मुलींना आधी," ती म्हणाली. "रांग लावा."

समितीतल्या वयस्क बाई म्हणाल्या, बरोबर आहे, मलाही जायचंय, आणि त्या मुलींच्या मागं रांगेत जाऊन उभ्या राहिल्या. पाहुणी रांगेत उभी राहिल्यावर मोठ्या बाईंना पुढं घुसता येईना. त्या तिच्याही मागं उभ्या राहिल्या. सगळी शाळा बघत होती. चार संडास आणि पुढं चाळीसेक मुली. शिक्षिकांच्या पाचव्या संडासातसुद्धा पोरी भराभर घुसत होत्या. एकी कुलूप मांडीवर घेऊन बसली आणि बघत राहिली. नाक दाबल्यावर तोंड उघडतं म्हणतात, तिला आता पुढचं बघायचं होतं. तिचा हात पिशवीत गेला.

तोवर भिंगरी रांगेत दुसऱ्या नंबरवर आली होती. आपला नंबर आला तेव्हा ती दारातून मागं वळली, रांगेच्या टोकापर्यंत चालत गेली आणि मोठ्या बाईंच्या हाताला धरलं.

"बाई, माझ्या नंबरला तुम्ही जा," ती म्हणाली, आणि स्वतः त्यांच्या जागेवर उभी राहिली.

मोठ्या बाई गेल्या. वेळेत गेल्या. फरशी कोरडी राहिली.

एकीचा नुसता संताप झाला. तीस वर्षांचं उट्टं हातातोंडाशी आलेलं, आणि ते हिरावलं कुणी, तर पोटच्या पोरीनं. त्या रागात तिनं पिशवीतून लोखंड कापायची करवत काढली आणि समितीला विचारलं, या दाराचा कोयंडा कापून टाकू का? वयस्क बाई रांगेतूनच म्हणाल्या, टाका. मोठ्या बाई बाहेर आल्या तेव्हा एकी घामाघूम होऊन करवत ओढत होती. समितीतल्या एकानं विचारलं, चावी खोटी कशी निघाली?

"चावी मी खोटी केली, साहेब," ती म्हणाली. "पहिल्यांदा आणि शेवटची. पण कुलूप तर तुम्ही येण्याआधीपासून खोटं होतं."

कोयंडा खणकन खाली पडला. शाळेला पाटी मिळाली नाही. समितीनं, पुढच्या वर्षी बघू, असा शेरा लिहिला. एकीच्या दुकानालाही झळ बसलीच. खोटी चावी देते म्हणून काही गिऱ्हाइकं तुटली, आणि ती त्यांना वाईट म्हणत नाही. मामानं सांगितलंच होतं.

त्या दिवशी घरी जाताना ती पोरीवर करवादली. तू कशाला पुढं जाऊ दिलंस तिला? तिनं काय केलं होतं माझ्याबरोबर, माहीत आहे ना तुला?

"माहीत आहे म्हणून तर," भिंगरी म्हणाली. "किती दुखतं ते मला माहीत आहे, आई."

दोघी चालत राहिल्या. कोपऱ्यावर भिंगरीनं दप्तरातली बाटली काढली आणि उभ्याउभ्या तळापर्यंत रिकामी केली, आणि मग रस्त्याच्या कडेला दोन गिरक्या मारल्या.

पोरीनं माफ केलं असेल. पोरीचं मन मोठं आहे. एकीनं केलेलं नाही, आणि ती तसं सांगतेही. ते सहा लिव्हरचं कुलूप तिनं दुकानाच्या दर्शनी खिळ्यावर टांगलंय. कुणी मागितलं तर म्हणते, विकायचं नाही. मोठ्या बाई आता निवृत्त झाल्यात, पण राहायला पलीकडच्या गल्लीत आहेत, आणि बाजाराला जायचा रस्ता हाच आहे. त्या लांबून येताना दिसल्या की एकी पिशवीच्या तळातून ते जुनं फडकं काढते आणि कुलूप पुसायला घेते. त्या पार पुढं जाईपर्यंत पुसत राहते.